फाऊल कोणता, आणि तो ठरवावयाचा कोणी?

कळवणकडील खेड्यांतून यात्रेच्या निमित्ताने कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हा भोवती दाटीने बसलेल्या मंडळींत कुस्तीचा नियम ठाऊक नाही असा मनुष्य क्वचितच सापडावयाचा. दोन्ही खांदे जमिनीला टेकले की मल्ल चीत झाला, एवढा साधा तो नियम. त्यात अर्थाचा घोळ नाही की शब्दांची क्लिष्टता नाही. असे असूनही दोन्ही खांदे टेकले की एकच टेकला, एवढ्यावरून निम्मा फड उठून उभा राहतो आणि उरलेला निम्मा त्याला खाली बसवू लागतो. खेडेगावची गोष्ट राहू द्या. २०२५ साली अहिल्यानगर येथे भरलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत चीतपटीच्या निर्णयावरून एका नामांकित मल्लाची मजल पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेली, आणि त्यापायी त्याला तीन वर्षांची बंदी पत्करावी लागली. जेथे नियम एका वाक्यात मावतो तेथे ही अवस्था! मग ज्या खेळात बावीस माणसे धावत आहेत आणि ज्याच्या नियमात ‘निष्काळजीपणा’ व ‘बेदरकारपणा’ असे मापता न येणारे शब्द बसविलेले आहेत, त्या फुटबॉलच्या मैदानावर काय होत असेल?

ते पाहावयाचे असेल तर कोल्हापुरास जावे. कळवणहून कोल्हापूर दूर खरे, परंतु ‘तालीम’ हा शब्द दोन्ही ठिकाणांस जवळ आणतो. संस्थानी काळापासून ज्या तालमींनी पैलवान घडविले, त्यांपैकी कित्येकींनी पुढे फुटबॉलचे संघही उभे केले. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे कोल्हापुरात आज प्रामुख्याने फुटबॉलची नावे म्हणून ओळखली जातात. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे दुसरे संघ आहेतच. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी स्पर्धा सुरू झाली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरून जातात. प्रेक्षक तेथे केवळ खेळ पाहावयास येत नाही. तो आपल्या पेठेची बाजू घ्यावयास येतो. याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, यात नवल नाही. आणि याच शहरात हुल्लडबाजीपायी सामने खोळंबल्याचे व बंदोबस्त वाढवावा लागल्याचे प्रसंग घडले, यातही दुर्दैवाने नवल नाही. अशा प्रसंगांचा उगम पुष्कळदा एकाच शिट्टीत असतो: वाजलेल्या, किंवा न वाजलेल्या.

पायऱ्यांवरील वादात एक घोटाळा नेहमी होतो. दोन अगदी निराळे प्रश्न तेथे एकत्र कालविले जातात. पाय पायाला लागला की नाही, चेंडू रेषेपार गेला की नाही, हात लागला तो कोपराखाली की खांद्यावर, हा झाला पहिला प्रश्न. तो घटनेचा आहे. त्याला उत्तर एकच असते. ते दिसले नसेल, पण असते. लागलेला पाय फाऊल या संज्ञेस पात्र आहे काय, हा दुसरा प्रश्न. तो घटनेचा नसून तिच्या तोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर फुटबॉलच्या कायद्याने जाणूनबुजून एका माणसाच्या मतावर सोपविलेले आहे. ‘पंचाच्या मते’ हे शब्द त्या कायद्यात ठिकठिकाणी येतात. पहिल्या प्रश्नावर पंच चुकला असे सिद्ध करता येते. दुसऱ्यावर फार तर असे म्हणता येते की, आपण त्याच्या जागी असतो तर निराळे मत दिले असते.

फुटबॉलचे एकंदर सतरा कायदे; त्यांतील बारावा फाऊल व गैरवर्तन यांचा. प्रतिस्पर्ध्याला लाथ मारणे, पायात पाय घालून पाडणे, ढकलणे, अंगावर उडी घेणे, धक्का देणे, ठोसा मारणे, चेंडूसाठी भिडणे, या कृत्यांपुढे त्या कायद्याने एक कसोटी ठेवलेली आहे. कृत्य निष्काळजीपणे झाले असेल तर फाऊल. प्रतिपक्षाला फ्री किक मिळते, करणाऱ्याला अधिक शिक्षा नाही. समोरच्याला इजा होईल याची पर्वा न करता, म्हणजे बेदरकारपणे झाले असेल तर पिवळे कार्ड. आणि गरजेहून अधिक बळ वापरून प्रतिस्पर्ध्याचा जीव धोक्यात घातला असेल तर तांबडे. धरून ठेवणे आणि अंगाला अंग लावून वाट अडविणे यांना मात्र ही कसोटी लागत नाही. तेथे कृत्य घडले की फाऊल झाला. खांद्याला खांदा लावून चेंडूसाठी झुंजणे हा तर रीतसर खेळच आहे. म्हणजे धक्का लागला एवढ्यावरून ‘फाऊल, फाऊल’ असा जो गिलका उठतो, त्यातील निम्मा तरी कायद्याला धरून नसतो.

यापुढची समजूत फार पसरलेली आहे व फार चिवट आहे. बचाव करणारा खेळाडू घसरत येतो, त्याचा पाय आधी चेंडूला लागतो, मग समोरच्याच्या घोट्याला. समोरचा कोसळतो. शिट्टी वाजते, आणि एका बाजूचे सर्व प्रेक्षक ओरडू लागतात की, ‘आधी चेंडू लागला, फाऊल कसला?’ ही मंडळी अगदीच निराधार बोलतात असे नव्हे. एकेकाळी कायद्यात खरोखरच असे शब्द होते की, चेंडू मिळविण्यासाठी भिडताना चेंडूच्या आधी प्रतिस्पर्ध्याला स्पर्श केला तर फाऊल समजावा. त्यावरून उलट अनुमान निघाले की आधी चेंडूला स्पर्श केला तर सर्व माफ. पुढे ते शब्द कायद्यातून काढून टाकण्यात आले. आज चेंडू आधी लागला की नंतर, यावर निर्णय अवलंबून नाही. भिडण्याची रीत, वेग, तळवा वर होता की खाली, समोरच्याला सावरावयास अवसर होता की नाही, या गोष्टी पंच पाहतो. परंतु कायद्यातून गेलेले शब्द पायऱ्यांवरून जात नाहीत. बापाने मुलाला शिकविलेला नियम मुलगा आपल्या मुलाला शिकवितो, आणि कागदावर काय बदलले याची त्या घराला वार्ताही नसते.

‘मुद्दाम केले नाही’ या आरोळीची कथा अशीच. १९९५ पर्यंत यांपैकी बहुतेक फाऊल बुद्ध्या केलेले असले पाहिजेत अशी अट होती. म्हणजे पंचाने खेळाडूच्या पायाबरोबर त्याच्या अंतःकरणातही डोकावावयाचे! त्या वर्षी हेतूची अट काढून तिच्या जागी निष्काळजीपणाची कसोटी आणली गेली. रस्त्यावर गाडीखाली कोणी सापडले तर चालकाचा हेतू वाईट होता काय असे कोणी विचारीत नाही. तो सांभाळून चालवीत होता काय असे विचारतात. तोच न्याय येथे लावला गेला. खेळाडू दोन्ही हात वर करून आपल्या निष्पापपणाची जी साक्ष देतो, तिला त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने फारसे मोल उरलेले नाही.

हाताच्या बाबतीत मात्र हेतू अजून पुरता गेलेला नाही, आणि म्हणूनच ‘हँडबॉल’इतका भांडणाचा विषय दुसरा नसेल. चेंडू हाताला लागला म्हणजे फाऊल झाला असे नाही. हात चेंडूकडे नेला असेल, किंवा अंगाच्या स्वाभाविक हालचालीने समर्थन करता येणार नाही अशा रीतीने हात पसरून शरीराचा आकार वाढविला असेल, तर फाऊल. शिवाय चेंडू अजाणता जरी हाताला लागून थेट गोलात गेला, तरी तो गोल धरला जात नाही. हात सुरू कोठून होतो याचाही निर्णय अलीकडे करावा लागला: काखेच्या तळाशी ओढलेली रेष ही खांद्याची शेवटची हद्द, त्याखाली हात. शरीरशास्त्रज्ञाला हसू येईल, पण पंचाला कोठेतरी रेघ ओढणे भागच असते. एवढे करूनही ‘स्वाभाविक हालचाल’ म्हणजे काय हे उरतेच. उडी मारणारा मनुष्य हात अंगाशी बांधून उडी मारीत नाही, हे प्रत्येकाने आपल्या अंगणात उडी मारून पाहावे.

असे संदिग्ध शब्द कायद्यात आले कसे, याचे उत्तर इतिहासात आहे. १८६३ च्या हिवाळ्यात लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्न या जागी काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशनची घटना व पहिले नियम सिद्ध केले. तेव्हा वाद गोलांचा नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्यास मुभा असावी की नसावी, हा होता! नसावी असे ठरले, आणि ब्लॅकहीथ हा क्लब रागावून बाहेर पडला. पुढे रग्बीचा वेगळा संसार थाटणाऱ्यांत तो होता. गमतीची गोष्ट ही की, त्या पहिल्या नियमांत लाथ मारण्यास मनाई होती, पण मारल्यास शिक्षा काय ते लिहिलेले नव्हते. सभ्य गृहस्थ नियम मोडणार नाहीत हे गृहीत होते. पंचाचीही गरज तेव्हा भासली नाही. पुढे प्रत्येक संघ आपापला एक ‘अंपायर’ आणू लागला. त्या दोघांचे जमले नाही तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे वाद सोपवीत. वाद ज्याच्याकडे सोपविला जातो तो ‘रेफरी’, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. मराठीत त्यास ‘पंच’ म्हणू लागले, हा भाषेचा एक विनोदच म्हणावा लागेल. पंच म्हणजे पाच. गावकी त्यांच्या निवाड्याला मान देई तो पाचामुखी परमेश्वर बोलतो म्हणून. येथे पाचांचे काम एकट्याच्या शिरावर, आणि त्याच्या मुखी परमेश्वर आहे असे मात्र कोणी मानीत नाही.

१८९१ साली ही जुनी व्यवस्था मोडली. आयर्लंडमधील आर्मा परगण्यातल्या मिलफर्ड संघाचा गोलरक्षक विल्यम मॅक्रम याच्या सूचनेवरून पेनल्टी किक कायद्यात आली. गोल वाचविण्यासाठी कोणी मुद्दाम प्रतिपक्षाच्या माणसास पाडील, ही कल्पनाच पुष्कळांना अपमानास्पद वाटली. सूचनेस विरोधही झाला. परंतु सामने जिंकण्यासाठी खेळले जाऊ लागले होते, आणि जिंकण्यासाठी माणसे काय करतात हे गोलरक्षकाहून अधिक कोण जाणणार? त्याच वर्षी रेफरीला मैदानात आणले, शिट्टी फुंकण्याचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती दिला, आणि दोन अंपायर रेषेवर झेंडे घेऊन उभे राहिले. आपल्याकडे मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली तीही याच १८९१ साली. तेव्हा हिंदुस्थानात या चषकाचा फुटबॉल आणि मैदानात धावणारा पंच हे एकाच वयाचे आहेत असे म्हणावयास हरकत नाही.

काळ बदलला तसा फाऊलचा अर्थही बदलला. १९५८ च्या इंग्लिश एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाऊसने मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक हॅरी ग्रेग याला चेंडूसकट धडक देऊन गोलात लोटले, आणि गोल मंजूर झाला. आज तसे घडले तर मैदानावर एकही माणूस त्याला गोल म्हणणार नाही. कायद्याचे शब्द फारसे न बदलताही पंचांचे मत आणि लोकांची सहनशीलता बदलते. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिन याला जर्मन पंच क्राइटलाइन यांनी बाहेर काढले. भाषेच्या अडचणीने तो जाईना आणि खेळ कितीतरी मिनिटे खोळंबला. त्या गोंधळावरून पंचांचे प्रमुख केन ॲस्टन यांना रस्त्यावरील दिव्यांच्या रंगांची युक्ती सुचली, आणि १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकापासून पिवळे व तांबडे कार्ड आले. निदान निर्णय काय दिला, याविषयीचा वाद तेव्हापासून संपला. तो बरोबर दिला काय, हा उरला.

पुढे यंत्र आले, आणि यंत्रामुळे सर्व तंटे मिटतील अशी पुष्कळांची समजूत झाली. घटनेच्या प्रश्नापुरती ती खरीही ठरली. १९६६ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या हर्स्टचा चेंडू रेषेपार गेला की नाही यावर अजून वाद घालणारे आहेत. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत इंग्लंडच्याच लॅम्पार्डचा चेंडू स्पष्टपणे आत जाऊन बाहेर आला तरी गोल मिळाला नाही, आणि त्यानंतर दोन वर्षांत गोलरेषेवरील यंत्राला मान्यता मिळाली. १९८६ साली मेक्सिकोत मॅराडोनाने हाताने लोटलेला चेंडू गोल म्हणून धरला गेला, तोही आज धरला जाणार नाही. परंतु २०१८ च्या विश्वचषकात व्हिडिओ साहाय्यक पंच आले तरी भांडणे थांबली नाहीत, त्यांनी केवळ जागा बदलली. या व्यवस्थेच्या नियमातच एक मार्मिक सूचना आहे. चित्र संथ गतीने पाहावयाचे ते जागा व स्पर्श ठरविण्यापुरते. धडकेचा जोर किंवा हँडबॉल ठरविताना मात्र नेहमीच्या गतीनेच पाहावे. संथ चित्रात हळुवार स्पर्शही योजून केलेला हल्ला वाटतो, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले. जे घरी दूरचित्रवाणीपुढे बसून तीच झटापट दहा वेळा संथ पाहतात आणि अकराव्यांदा पंचाच्या डोळ्यांची कीव करतात, त्यांनी ही सूचना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याने ती एकदाच पाहिली. तीही धावता धावता.

अर्धवट माहीत असलेला नियम केवढे नुकसान करू शकतो, याचे आपल्या देशातील ठळक उदाहरण ३ मार्च २०२३ चे. बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना होता. एका बाजूस बंगळुरू एफ. सी., दुसऱ्या बाजूस केरळ ब्लास्टर्स. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळात शहाण्णवाव्या मिनिटाला बंगळुरूला गोलासमोर फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू बचावाची भिंत उभी करण्यात गुंतले होते, गोलरक्षक जागेवर नव्हता, आणि तेवढ्यात सुनील छेत्रीने चेंडू सरळ जाळ्यात घातला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपला संघ मैदानाबाहेर नेला, तो परत आला नाही.

त्या रात्रीपासून पुढे कित्येक दिवस देशभरच्या फुटबॉलप्रेमी घरांत वाद चालला: शिट्टी वाजल्याखेरीज फ्री किक मारता येते काय? बहुसंख्य लोकांचे उत्तर ‘येत नाही’ असे होते, आणि ते चुकीचे होते. फ्री किक त्वरित घेण्याचा हक्क फाऊल सोसलेल्या संघाला आहे. प्रतिपक्षाचे खेळाडू दहा यार्ड दूर गेलेले नसले तरी. कारण उघड आहे. ज्याने फाऊल केला त्यालाच सावरावयास वेळ मिळाला, तर फाऊल करणे फायद्याचे ठरेल. मात्र पंचाने मध्ये पडून ‘थांबा, शिट्टी वाजवीन तेव्हा मारा’ असा इशारा दिला असेल तर थांबणे बंधनकारक. म्हणजे खरा प्रश्न एवढाच होता की तसा इशारा दिला गेला होता काय, आणि तो होता घटनेचा. संतापलेल्या केरळच्या चाहत्यांतही काहींनी नेमका हाच मुद्दा धरला होता, हे त्यांच्याविषयी न्यायाने सांगितले पाहिजे. त्यांची शंका पोरकट नव्हती. व्हिडिओ साहाय्यक पंचांची सोय त्या स्पर्धेत नव्हती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पुन्हा सामना खेळविण्याची मागणी फेटाळली, क्लबला चार कोटी रुपये दंड केला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली. हा दंड निर्णयावर शंका घेतल्याबद्दल नव्हता. मैदान सोडल्याबद्दल होता. खेळासंबंधी घटनांवर पंचाचा निर्णय अंतिम, आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तो त्याला स्वतःलाही फिरविता येत नाही, हे कलम कठोर वाटते. परंतु ते नसते तर कोणताही सामना कोणत्या दिवशी संपला हे सांगता आले नसते.

२०२४ साली जर्मनीत झालेल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत एक नवी शिस्त लावण्यात आली. निर्णयाविषयी पंचाशी बोलावयाचे तर केवळ कर्णधाराने. इतर कोणी धावून गेला तर पिवळे कार्ड. त्या बदल्यात पंचाने कर्णधाराला निर्णयाचे कारण सांगावे अशी अपेक्षा ठेवली गेली. जुन्या दोन अंपायरांची, म्हणजे प्रत्येक पक्षाने आपला एकच बोलका मनुष्य पुढे करण्याची ही पद्धत सव्वाशेहून अधिक वर्षांनी निराळ्या रूपाने परत आली. स्पर्धेत तिचा बरा परिणाम दिसला आणि पुढे ती इतरत्रही घेण्यात आली.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पंचाच्या कानात बोलणारे यंत्र नाही. त्याच्यापाशी शिट्टी आहे, दोन कार्डे आहेत, रेषेवर झेंडे घेतलेले दोन सहायक आहेत. बहुधा तो त्याच शहराचा रहिवासी असतो, आणि त्याची पेठ कोणती हे पायऱ्यांवर बसलेल्या मंडळींना चांगले ठाऊक असते. पेनल्टी दिली तर एका पेठेचा रोष, न दिली तर दुसरीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणावयास त्याला याच गल्ल्यांतून जावयाचे असते. तरीही सामन्याच्या दिवशी तो पांढऱ्या रेषेच्या आत पाऊल टाकतो, नाणे उडवितो, आणि घड्याळाकडे पाहून शिट्टी तोंडाशी नेतो.